कशाला लागतो?

माझ्या उजव्या खिशात किल्ल्या, रुमाल आणि घडीचा एक चाकू असतो. पातं माझ्या करंगळीएवढं, सहा सेंटिमीटरच्या आतलं. किल्ल्यांबद्दल आजवर कुणी काही विचारलेलं नाही. रुमालाबद्दल एकदा एक बाई बोलल्या होत्या, पण ते त्याच्या अवस्थेबद्दल. चाकूबद्दल मात्र ऑफिसात आलेला प्रत्येक नवा माणूस एकदा तरी विचारतोच, आणि प्रश्नही ठरलेला : "हा कशाला लागतो?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तो मीटिंगच्या खोलीत. नवा प्रोजेक्टर आला होता आणि खोक्याला सगळीकडून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एकजण नखानं तिचं टोक शोधत होता, दुसऱ्यानं किल्ली चालवून पाहिली, तिसऱ्यानं बॉलपेन. चौथा तर खोक्यावर वाकून दात लावायच्या बेतात होता. मी खिशातून चाकू काढला, उघडला, तीन रेघा मारल्या, मिटला आणि परत खिशात टाकला. सगळं मिळून दहा सेकंद. खोकं उघडलं, पण प्रोजेक्टरकडे कुणी बघेना. सगळे माझ्या खिशाकडे बघत होते. शेजारच्याची खुर्ची मघापेक्षा वीतभर लांब गेली होती. ती कधी सरकली ते मला कळलंही नव्हतं.

मग विनोद सुरू झाले. "याच्याशी जरा जपून बोला बरं का." "पगारवाढ मागायला जाताना हाच नेतोस का रे?" "साहेबांना माहीत आहे का?" गेल्या पंधरा वर्षांत या तीन विनोदांत चौथ्याची भर पडलेली नाही. (पाठीत खंजीर खुपसण्याचा एक आहे, पण तो इतका सोपा आहे की करणाराच ओशाळतो.) तरी मी दर वेळी हसतो. चाकू हातात आणि चेहऱ्यावर हसू नाही, असा माणूस फार वाईट दिसतो.

पुढे पुढे लक्षात आलं की लोक पात्याला तितकेसे बिचकत नाहीत, उघडण्याला बिचकतात. माझा चाकू साध्या स्प्रिंगचा आहे. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून ओढायचं. पाठीमागची पोलादी पट्टी विरोध करत राहते आणि पातं पूर्ण उघडलं की 'टक्' आवाज करून त्याला जागेवर बसवते. कुलूप वगैरे नाही, नुसता त्या पट्टीचा दाब. हा 'टक्' शांत ऑफिसात तीन टेबलं पलीकडे ऐकू जातो. तोच चाकू आधीपासून उघडा पडलेला असेल तर लोक त्याच्या शेजारी खुशाल आपला कप ठेवतात. म्हणून मी एक सवय लावून घेतली. चाकू काढायच्या आधी तोंडानं काहीतरी बोलायचं. "थांबा, कापून देतो," एवढंही पुरतं. मग टेबलाच्या कडेखाली, सावकाश, दोन्ही हातांनी उघडायचा. एका अंगठ्यानं फटकन उघडणारे चाकूही मिळतात आणि चांगले असतात, पण ऑफिसात ते उघडणं म्हणजे वाचनालयात फटाका लावणं.

खरं तर माझ्या चाकूपेक्षा भारी धारेची हत्यारं ऑफिसात राजरोस नांदत असतात. कात्रीला तर दोन पाती. ती पेनांच्या डब्यात डोकं खुपसून उभी असते आणि तिला कुणी काही विचारत नाही. आणि तो कटर, बोथट झालेला तुकडा मोडून टाकायचा म्हणजे मागची नवी धार पुढे येते तो. ही युक्ती जपानमधल्या योशिओ ओकादा यांची, १९५६ सालची. बूट दुरुस्त करणारे कारागीर फुटक्या काचेच्या तुकड्यानं कापत, तुकडा बोथट झाला की तो पुन्हा फोडून नवी धार काढत. ते एक ओकादांच्या डोक्यात होतं, आणि दुसरी होती चॉकलेटची वडी, जी आखलेल्या रेघेवर बरोबर मोडते. जपानीत 'ओरु' म्हणजे मोडणं आणि 'हा' म्हणजे पातं, त्यावरून 'ओल्फा' हे नाव. हा कटर कायम नव्या धारेचा असतो. बोटावर फिरला तर माझ्या चाकूच्या आधी हाडापर्यंत पोचेल. पण तो पडला स्टेशनरी. स्टेशनरीच्या यादीत नाव आलं की पात्याची सगळी पापं धुतली जातात.

मला वाटतं, फरक जागेचा आहे. कटर सगळ्यांचा असतो आणि ड्रॉवरमध्ये असतो. माझा चाकू माझा एकट्याचा आणि खिशात. ड्रॉवरमधली वस्तू कामासाठी असते. खिशातल्या वस्तूमागे मात्र माणसाचा काहीतरी बेत असावा, असा संशय येतो.

गंमत अशी की लहान चाकू हा मुळात कारकुनाचाच. इंग्रजीत त्याला 'पेननाइफ' म्हणतात, आणि त्यातलं 'पेन' म्हणजे पिसाची लेखणी. लिहिता लिहिता पिसाचं टोक झिजायचं, फाकायचं, ते पुन्हा तासावं लागायचं. बोरूचीही तीच कथा. युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांत लेखनिकांची चित्रं असतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात चाकू दिसतो. चाकूनं चर्मपत्र दाबून धरायचं, टोक बिघडलं की तासायचं, आणि चूक झाली की वाळलेली शाई खरवडून काढायची. म्हणजे बॅकस्पेसची कळच ती, फक्त धार लावलेली. त्या काळी शेजारच्या लेखनिकानं बाक लांब सरकवला असेल असं वाटत नाही, कारण त्याच्याही हातात एक होताच. पुढे १९व्या शतकात पोलादी निबं कारखान्यांतून ढिगानं बाहेर पडायला लागली, मग पेन्सिलीला शार्पनर मिळाला, आणि टेबलावरचा चाकू हळूहळू बिनकामाचा झाला. बिनकामाचा झाल्यावरच तो भीतिदायक झाला असावा, अशी माझी आपली एक शंका.

आता उसना मागणाऱ्यांबद्दल. 'कशाला लागतो' हा प्रश्न विचारल्यापासून साधारण दोन आठवड्यांत तोच माणूस माझ्या टेबलापाशी येतो. आवाज खाली आणतो. "अरे, तुझं ते... आहे का?" नाव घेत नाही. मी मिटलेला चाकू देतो. पाच मिनिटांनी तो परत येतो, उघडा चाकू दोन बोटांत शेपटीला धरलेल्या उंदरासारखा लांब धरून, पातं नेमकं माझ्याकडे करून. कारण त्याला तो मिटता आलेला नसतो.

या मिटण्याच्या अडचणीवर मी बराच विचार केला आहे. उघडताना काय करायचं ते दिसतं. खाच आहे, नख आपोआप तिथे जातं. मिटताना मात्र बोटं जिथे आहेत तिथेच पातं येणार, असं डोळ्यांना दिसत असतं. शिवाय स्प्रिंगचा स्वभाव वाईट. सुरुवातीला ती अडून बसते आणि शेवटी शेवटी पातं एकदम आत ओढून घेते. तेव्हा भीती अगदी रास्त आहे. मूठ दोन्ही बाजूंनी धरावी, पातं आत जातं त्या फटीवर एकही बोट येऊ देऊ नये आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पात्याच्या पाठीवर दाबावं. हे मी आतापर्यंत अर्ध्या ऑफिसला शिकवलंय. जमल्यावरचा चेहरा बघण्यासारखा असतो. 'टक्' ऐकून जो दचकला होता, तोच तिथे उभ्या उभ्या चार वेळा उघडमीट करतो आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो.

सगळेच असे नसतात. एका महाशयांनी पात्याच्या टोकानं स्क्रू फिरवला. धार टिकावी म्हणून पोलाद कडक केलेलं असतं, आणि कडक म्हणजे थोडं ठिसूळही. पिळलं की टोक जातं. दोन मिलिमीटर गेलं. त्यांनी चाकू व्यवस्थित मिटून परत दिला (मिटायला मीच शिकवलं होतं) आणि "थँक्स हं" म्हणून निघून गेले. गरज सरो, वैद्य मरो. घरी दगडावर घासून घासून नवं टोक काढलं, पातं तेवढं आखूड झालं. बाकीचे निदान चिकटपट्टीचा गोंदच ठेवून जातात. तो दोन थेंब तेलानं निघतो.

लोकांचं हे बिचकणं आता चाकू करणाऱ्यांच्याही कानावर गेलंय. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ पासून तिथल्या सैन्याला घडीचा चाकू पुरवायला सुरुवात केली. पात्याशिवाय त्यात होतं काय, तर डबा उघडायचं एक, भोक पाडायचं एक आणि बंदूक खोलायला स्क्रूड्रायव्हर. सैनिकाला दिलेल्या चाकूचं काम होतं जेवणाचा डबा फोडणं आणि बंदुकीची साफसफाई! त्याच घराण्याची चौथी पिढी आज तो कारखाना, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स, चालवते, आणि २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की बिनपात्याचं घडीचं हत्यार करायचं आम्ही मनावर घेतलंय, कारण काही देशांत पातं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शस्त्र येतं. बिनपात्याचा चाकू. बातमी वाचून मी आधी हसलो, मग मला मीटिंगमधली ती वीतभर सरकलेली खुर्ची आठवली.

अमेरिकेत याचं मोठं प्रकरण झालं होतं. २०१३ च्या मार्चमध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्यानं ठरवलं की सहा सेंटिमीटरपर्यंतचे, कुलूप नसलेले छोटे चाकू प्रवाशांना विमानात जवळ ठेवू द्यायचे. म्हणजे थेट माझाच चाकू. विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना खवळल्या आणि जूनमध्ये तो बेत गुंडाळला गेला. मी तेव्हा त्या कर्मचाऱ्यांवर चिडलो होतो. आता नाही. प्रवाशाला ते विमान वाटतं, पण त्यांचं ते ऑफिस आहे. बंद डब्यात, ढगांच्या वर, शेकडो अनोळखी माणसांमध्ये मला नोकरी करायची असती तर पहिल्याच प्रवाशाला मी विचारलं असतं, कशाला लागतो?

कायद्यालाही हाच प्रश्न पडतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंतच्या, कुलूप नसलेल्या घडीच्या पात्याला कारण द्यावं लागत नाही. पातं त्याहून लांब असेल, किंवा उघडल्यावर कुलूप लागून पक्कं बसणारं असेल, तर सार्वजनिक जागी ते बाळगायला 'योग्य कारण' हवं. कामासाठी लागतो, हे तसं कारण होऊ शकतं. म्हणजे 'कशाला'चं उत्तर देण्यातून तीन इंचांपर्यंत सूट आहे. ऑफिसात ती नाही. मी एकदा रीतसर आमच्या एचआरला मेल करून विचारलं की असा चाकू जवळ ठेवायला नियमांची काही हरकत आहे का. दोन दिवसांनी उत्तर आलं. उत्तर काय, तोच प्रश्न, फक्त खाली सहीसकट.

मी पार्सलं, लेबलं, शर्टाचे सुटलेले धागे अशी यादी पाठवली. खोटी नव्हती, पण पुरती खरीही नव्हती. आठवड्यातून दोनदा फार तर चाकू बाहेर येतो. चिकटपट्टीचं तर असं आहे की तिला एक बारीक चीर पडली की पुढची ती आपण होऊन फाटत जाते. किल्लीच्या दातानंही भागतं, त्या दिवशी मीटिंगमध्ये तो किल्लीवाला आणखी थोडा धीर धरता तर जमलं असतं. मला चाकू लागत नाही. मला तो आवडतो. लांबलेल्या मीटिंगमध्ये खिशात हात घालून तो मिटलेला तुकडा बोटांनी उलटसुलट करत बसलं की वेळ बरा जातो. हे एचआरला लिहिणं शक्य नव्हतं.

आणि मग गेल्या महिन्यातली गोष्ट. हिशेब विभागात एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले. दिवसभरात चार वाक्यं बोलतील तर शपथ. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी बिलं घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बिलं वाचली, बाजूला ठेवली, खिशात हात घातला, आणि 'टक्'.

मी दचकलो. खोटं कशाला सांगू, आधी दाराकडे बघितलं. इतका शांत माणूस, आणि याच्या खिशात चाकू? शांत माणसांचंच काही सांगता येत नाही, इथपर्यंत विचार पोचलासुद्धा. माझा स्वतःचा चाकू उजव्या मांडीला टोचत होता, तरीही. मी उभा होतो तिथून वीतभर मागे सरकलो असेन.

त्यांनी पायानं केराची टोपली जवळ ओढली आणि पेन्सिल तासायला घेतली. चाकूचं पातं वर्षानुवर्षं दगडावर घासून निम्मं उरलं होतं, मुठीपाशी रुंद आणि पुढे निमुळतं होत गेलेलं. लाकडाची एक लांब, अखंड ढलपी वळत वळत टोपलीत पडली. टेबलावर, त्यांच्या मनगटाला लागून, शार्पनर होता.

"अहो, हा कशाला लागतो?" मी विचारून बसलो. "शार्पनर आहे की."

त्यांनी चष्म्यावरून एकदा शार्पनरकडे पाहिलं.

"आहे खरा," ते म्हणाले, आणि दुसरी पेन्सिल उचलली.