तीन सेकंद

आज शिक्षक-प्रशिक्षणातला सराव पाठ होता. पाचवीचा वर्ग, अपूर्णांक. मी प्रश्न विचारला आणि उत्तरही मीच देऊन टाकलं! मागे बसलेल्या मार्गदर्शक मॅडम नंतर एवढंच म्हणाल्या, "मुलांना विचार करायला वेळ कुठे दिलास?"

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलतात. (परीक्षेत हे लिहून मार्कही मिळवलेत मी.)

उद्या माझा स्वतःचा वर्ग असेल तेव्हा चुकीच्या उत्तराला कुणी हसायचं नाही, हा पहिला नियम.

दुसऱ्या तासाला मनात आकडे मोजत उभी राहिले. शांतता अंगावर येते हो! तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी चाचरत म्हणाली, "छेद मोठा म्हणजे तुकडा लहान ना, टीचर?"