शेपटीतलं शिसं

माझं रिमोटवर उडवायचं मॉडेल विमान तोल बघायला पडवीच्या वाशाला दोन दोऱ्यांनी टांगलेलं होतं. काका खाडीवरून आले, खांद्यावरचा पाग (फेकायचं जाळं) उतरवायच्या आधीच म्हणाले, "ह्यां विमान हा काय पाळणो?"

पंखांचा पसारा 74 इंच, वजन 5.9 किलो, नाकावर 35 सीसीचं पेट्रोल इंजिन. टाकी रिकामी ठेवूनच तोल बघायचा, कारण ती पुढे असते आणि पेट्रोल संपत जातं तसा तोल मागे सरकतो. उतरताना तोच तोल आपल्या हाती उरतो. नकाशाप्रमाणे गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू, दोन्ही पंख जोडणाऱ्या नळीच्या मध्यावर हवा. माझा 2 सेंटिमीटर पुढे निघाला, म्हणजे नाक जड.

इंजिनाचं मला काही वाटलं नाही. होड्यांची आउटबोर्ड मशिनं खोलण्यात वीस वर्षं गेलीत. पेट्रोल-ऑइल 32 ला 1, म्हणजे लिटरला साधारण 31 मिली ऑइल, कार्बोरेटरच्या दोन सुया, हादऱ्याने सुटणारे स्क्रू, सगळं ओळखीचं. फसलो फक्त पेट्रोलच्या नळीत. जुन्या ग्लो (मिथेनॉलवर चालणाऱ्या) इंजिनाची सिलिकॉनची नळी लावली, ती पेट्रोलने फुगून मऊ पडली.

तोलाचं मात्र चुकलंच. होडी पुढून दबली तर आम्ही बर्फाची पेटी मागे सरकवतो, मागे नवे दगड भरत नाही. आणि मी काय केलं? काकांच्या जुन्या पागाचे शिशाचे मणी काढले आणि 130 ग्रॅम शेपटीत चिकटवले. दोऱ्यांवर विमान एकदम सरळ. मी खूश!

मे महिन्यात सकाळी सातला सड्यावर, जांभ्या दगडाच्या पठारावर गेलो. मतलई (जमिनीवरचा) वारा पडलेला, खारा (समुद्रावरचा) अजून सुटायचा होता. विमान उडालं छान, पण नाक उचलून रिमोटची काठी सोडली की मान डोलावल्यासारखं हलायचं, स्नॅप रोल (झटक्यात गिरकी) मारला तर वेळेवर थांबेना. इतकं वजन इतक्या मागे, ते हललं की आवरतंय कुठे? उतरताना जांभ्याच्या एका उंचवट्यावर आपटलं आणि शेपटीचं चाक ब्रॅकेटसकट निघून आलं.

घरी येऊन शिसं खरवडून काढलं. (इपॉक्सी लावताना कधी कंजुषी करत नाही, त्याची शिक्षा दोन संध्याकाळ भोगली.) इंजिनाच्या पेटीत रिमोटचे संकेत घेणाऱ्या रिसीव्हरच्या दोन बॅटऱ्या होत्या, मिळून 240 ग्रॅम. त्या 50 सेंटिमीटर मागे, पंखांच्या पाठीमागे नेल्या. 240 गुणिले 50 भागिले 5900, जवळजवळ तेच 2 सेंटिमीटर. वेल्क्रोवर बसवल्या, वरून पट्टा. मग प्रॉपेलरचा दांडा आणि शेपूट धरून टांगलं, तर डावा पंख खाली. उजव्या टोकाला 15 ग्रॅम लावले. एवढं शिसं मी स्वतःला माफ केलं.

पुढच्या रविवारी 45 अंशात वर चढवून उताणं केलं आणि एलिव्हेटरची (नाक वर-खाली करायची) काठी सोडली. नाक झपकन जमिनीकडे, म्हणजे अजून जडच. खाली उतरवून बॅटऱ्या आणखी 5 सेंटिमीटर मागे, म्हणजे तोलात फक्त 2 मिलिमीटर. पुन्हा उताणं केलं तेव्हा तसंच पुढे जात राहिलं, नाक अगदी सावकाश झुकलं.

इपॉक्सीचे तुकडे चिकटलेले मणी काकांना परत दिले. त्यांनी एक तळहातावर घेऊन वजन केल्यासारखं केलं. "पाग आता एका बाजून पडता रे," म्हणाले.