चेंडूवरचं अक्षर

सातवीत मी कॅच फार सोडायची. पी.टी.च्या सरांनी एक दिवस रबरी चेंडूवर खडूने अक्षर लिहिलं आणि चेंडू वर उडवला. हातात येण्याआधी अक्षर ओरडून सांगायचं. क, म, श. "हात बघू नकोस, चेंडू बघ. हात आपोआप जातात." खडू पुसला जायचा, सर पुन्हा गिरवायचे. महिनाभर मधल्या सुट्टीत हेच चाललं. मग कॅच सुटेनासे झाले.

वीसेक वर्षांनी नोकरीमुळे दिल्लीत होते तेव्हा तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी, शिकायला लागले. बारा बोअरची बंदूक, समोर एक उंच घर आणि एक बुटकं. त्यांतून 110 मिलिमीटरची तबकडी सुटते. हाक दिल्यावर ती लगेच येईल की तीन सेकंदांनी, हे कळत नाही आणि दिसेपर्यंत बंदूक कमरेशीच धरायची. उभं राहायच्या चार नंबरच्या जागेवरून तबकडी अगदी आडवी जाते. छर्रे पोचेपर्यंत ती मीटरभर पुढे सरकलेली असते, म्हणून नळी तेवढी पुढे हवी. हे सगळं पाठ होतं, तरी चारवर माझा बार कायम तबकडीच्या मागून जायचा.

कारण मी ते अंतर मोजत बसायची. नजर तबकडीवरून नळीच्या टोकाच्या मण्यावर यायची आणि त्याच क्षणी हात थांबायचे. तबकडी थांबत नाही. कोच म्हणाले, "नली मत देखिए, मॅडम."

मला शाळेचं मैदान आठवलं. तबकडीच्या पुढच्या कडेवर मी मनाने 'श' लिहिला आणि तोच वाचत राहिले. नळी खाली कुठेतरी धूसर दिसत होती, दिसू दिली. चाप ओढल्यावरही कमरेतून वळत राहिले. तबकडीचा भुगा झाला!

पुढची दोन वर्षं मेहनतीची. रोज संध्याकाळी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायची आणि आरशासमोर पन्नास वेळा दस्ता गालाला लावायचा. गाल जरा उचलला की बार वरून जातो. पाय आधीच तबकडी जिथे फोडायची त्या बाजूला वळवून ठेवायचे, नाहीतर कंबर मध्येच अडते.

2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं स्कीटचं कांस्यपदक 43-44 असं हुकलं. एक तबकडी! त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

गेल्या दिवाळीत सरांना भेटायला गेले, तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तबकडी कुठल्या रंगाची असते गं?"

"नारिंगी, सर."

"मग पांढरा खडू चालेल," सर म्हणाले.