उलटे आटे

सायकल विकत घ्यायच्या आधी दाखवायला आणणारी माणसं फार थोडी. बहुतेक जण पैसे मोजून झाल्यावर येतात, आणि मग आम्ही काही खोट काढली की त्यांना वाटतं, हा उगाच काम वाढवतोय. म्हणून परवा कॉलेजातला एक मुलगा जुनी फिक्सी घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, अजून घेतली नाही, दोन दिवस चालवायला मिळालीय. तुम्ही बघून सांगा," तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. त्याची ही पहिलीच फिक्स्ड गियर. रंगावर आणि बारीक हँडलवर जीव जडलेला दिसत होता.

फिक्सीला मागे फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पाय न मारता उतारावर सोडून देणं नाही. वेग कमी करायचा तर पेडल पायांनीच मागे रेटायचं.

स्टँडवर चढवताच मागचा टायर दिसला. बाकी रबर ठणठणीत, एकाच जागी घासून आतले धागे वर आलेले. दात न मोजताच मी म्हणालो, "पुढे ४८ आणि मागे १६ असणार, नाहीतर असाच पुरा भाग जाणारा जोड." मोजले तर तेच निघाले. पोरगा थक्क झाला आणि मलाही सांगायचा हुरूप आला. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, एका फेऱ्यात चाकाचे नेमके तीन फेरे होतात, म्हणजे तोच पाय पुढे ठेवून पेडल अडवलं की दरवेळी टायरची तीच जागा रस्त्यावर घासते. मागे १७ दाती कॉग, म्हणजे चेन चढते ते दात्यांचं चक्र, लावला तर तीच झीज १७ जागी वाटली जाते, आणि चढावर पायालाही जरा हलकं पडतं. क्रँक १६५ मिलिमीटरचे होते, तेही दाखवलं. वळणावरसुद्धा पेडल थांबत नाहीत, लांब क्रँक असला तर आतलं पेडल रस्त्याला घासून माणूस आडवा होतो. एक्सलच्या खाचा मागच्या बाजूला उघडणाऱ्या, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येत होती. फ्रेम खरोखर चांगली होती.

फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, मात्र ब्रेक बसवायचं भोकच नव्हतं. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, तिथे ब्रेक लागत नाही. रस्त्यावर पुढचा एक ब्रेक हवाच, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

मग मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बॅटरी मारली आणि पोटात गोळाच आला. खऱ्या ट्रॅक हबला दोन पायऱ्या असतात. मोठ्या पायरीवर सरळ आट्यांनी कॉग बसतो, बाहेरच्या लहान पायरीवर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी कडी. पेडल मागे रेटलं की कॉग सुटायला बघतो, पण सुटताना तो लॉकरिंगला आणखी आवळतो. सगळा जीव त्या उलट्या आट्यांवर. या हबला दुसरी पायरीच नव्हती. साधा फ्रीव्हीलचा हब, त्यावर कॉग, त्याच सरळ आट्यांवर बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगची, रिंग कोंबलेली आणि फटीत पिवळट गोंद.

सायकल खाली उतरवली. त्याला सीटवर बसवलं, पुढचा ब्रेक नाही म्हणून मागचं चाक भिंतीला टेकवलं आणि पेडलवर पाय देऊन मागे रेटलं. तिसऱ्या रेट्याला कट्‌ आवाज झाला. पेडल पाव फेरा मागे गेलं, चाक जागेवरच. मी त्याच्याकडे बघितलं, तो पेडलकडे बघत होता.

"परत गोंद लावून घट्ट करून द्या ना, दादा. उद्या मित्रांबरोबर जायचंय."

मी नाही म्हणालो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो. आमचा जोडीदार मागून बोलला, "गिऱ्हाइकाची सायकल आहे, हवं ते करून दे." त्याच्यासारखी रिम सरळ करणारा माणूस मी पाहिला नाही, पण जबाबदारी बिलापाशी संपते असं तो मानतो आणि ते मला कधीच पटलेलं नाही. मी १२० मिलिमीटर रुंदीचा, एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसेल असा हब घालून चाक बांधून देतो म्हणालो, भोक असलेला फोर्कही शोधतो म्हणालो. तोवर पोराचा चेहरा उतरला होता. सैल कॉगसकट सायकल ढकलत तो निघून गेला.

गोंद कुठेही मिळतो. लावून देणारेही मिळतात.

दोन दिवस झाले, तोच अर्धा तास डोक्यात फिरतोय. टायरच्या हिशोबावर मी पंधरा मिनिटं घालवली, कारण ते मला छान सांगता येतं. हबचं सांगायला दोन मिनिटं उरली आणि तीही रागात गेली. आधी हब बघायला हवा होता. विकणाऱ्याला सायकल परत करायला त्याच्याकडे अजून एक दिवस होता, हेसुद्धा मी त्याला म्हणालो नाही. फोन नंबरही घेतला नाही.