वाटीच्या बुडावरची खूण

महिन्याच्या २१ तारखेला मी अंधारातच उठते. हिराकाताहून केइहान रेल्वेची लोकल, तांबाबाशीला गाडी बदलायची, आणि क्योतोत तोजी स्टेशनाबाहेर पडलं की समोर तोजी देवळाचा पाच मजली लाकडी पॅगोडा. उंची जवळजवळ ५५ मीटर, जपानमध्ये याहून उंच लाकडी मनोरा नाही. त्याच्या पायथ्याशी, देवळाच्या आवारात, उजाडायच्या आधीच ताडपत्र्या अंथरून दुकानं लागायला सुरुवात झालेली असते. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कोबो दाइशी ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेले, म्हणून दर महिन्याची २१ तारीख त्यांची. क्योतोकर बाजारालाच ‘कोबो-सान’ म्हणतात. आपल्याकडे महाराजांच्या पुण्यतिथीला जत्रा भरते ना, तसंच. फक्त इथे ती वर्षातून बारा वेळा भरते.

लोणची, रोपटी, जुने किमोनो, लाकडी बाहुल्या, सगळं असतं. मी सरळ जुन्या भांड्यांकडे जाते.

घरून फोन आला की हमखास विचारतात, ‘फुलदाण्या जमवतेस का गं? त्या सोनेरी नक्षीच्या?’ तशा वस्तू मी लहानपणी मुंबईत पाहिल्यात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंसमोर बाबा मला उभं करायचे, आणि काचेला नाक लावून मी बघत राहायचे. सुंदरच आहेत त्या. पण मी जमवते त्या वाट्या. जाड, थोड्या ओबडधोबड, निळ्या रंगात घाईघाईने दोन फटकारे मारलेल्या. अशा वाट्यांना इथे ‘कुरावान्का’ म्हणतात, आणि त्यांचं नाव मी राहते त्याच गावाशी बांधलेलं आहे.

हिराकाता ओसाका आणि क्योतोच्या मधोमध, योदो नदीच्या काठावर आहे. रेल्वे येण्याआधी या दोन शहरांमधली वाहतूक नदीतून चाले. क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी, तिथून ओसाकापर्यंत प्रवासी होड्या जात. प्रवाहाबरोबर अर्धा दिवस पुरे, उलट येताना मात्र काठावरून माणसांनी दोरानं ओढत आणायचं, मग सगळा दिवस. होडी हिराकाताजवळ आली की लहान होड्या येऊन तिला भिडत. त्यांत चूल पेटलेली, गोबो नावाच्या मुळाचं गरम सार, तांदळाचे मोची, साके. आणि विकणारे ओरडत, ‘कुरावान्का! कुरावान्का!’

याचं चांगलं मराठी मला बरेच दिवस सापडत नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा समजावलं की ‘कुराउ’ हे खाण्याचं सभ्य क्रियापद नव्हे, पाहुण्याला असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा लख्ख कळलं. हे आपलं ‘गिळणं’! ‘कुरावान्का’ म्हणजे ‘गिळता का नाही रे!’ झोपलेल्या प्रवाशांना, मग तो सामुराई का असेना, नदीवरचे फेरीवाले असं खडसावून उठवत. जुना जपानी चित्रकार हिरोशिगे, त्यानं योदो नदीचं एक चित्र काढलंय, त्यात चांदण्यात चाललेली मोठी होडी आहे आणि तिला बिलगलेली अशीच एक छोटी खाद्य-होडी. ते चित्र बघताना मला दर वेळी कर्जत स्टेशनावरच्या वडेवाल्यांची हाळी ऐकू येते.

हे सार ज्या वाट्यांतून देत, त्याच कुरावान्का वाट्या. हेलकावणाऱ्या होडीत कलंडू नये म्हणून खाली जड, पायाचं कडं रुंद. इथली म्हातारी माणसं सांगतात की रिकाम्या वाट्या मोजून पैसे घेत, म्हणून काही लबाड गिऱ्हाइकं खाऊन झालं की वाटी गुपचूप नदीत सोडून देत. नदीच्या गाळातून अशा वाट्या खरोखरच निघाल्या आहेत.

पण त्या हिराकाताच्या मातीच्या नाहीत. बऱ्याचशा आल्या नैऋत्येकडच्या क्युशू बेटावरून, हासामी नावाच्या गावातून. अठराव्या शतकात तिथे डोंगराच्या उतारावर दीडशे मीटरहून लांब भट्ट्या होत्या, खोलीला खोली जोडलेल्या, चढत जाणाऱ्या. एका वेळी हजारो नग भाजून निघत. जागा वाचावी म्हणून वाटीत वाटी ठेवून चळत रचायची, आणि चिकटू नये म्हणून आतल्या तळाचं झिलईचं एक कडं पुसून टाकायचं. काही वाट्यांच्या तळाशी ते कोरडं गोल कडं अजून दिसतं. जपानी त्याला ‘जानोमे’ म्हणतात, सापाचा डोळा. तोवर पोर्सेलिन ही श्रीमंतांची चीज होती. हासामीच्या भट्ट्यांनी ते हमालाच्या आणि शेतकऱ्याच्या हातात दिलं. म्हणून मला या वाट्यांबद्दल इतकं वाटतं.

आपण मराठीत सरसकट ‘चिनी माती’ म्हणून मोकळे होतो. इथे पूर्वेकडचे लोक भांड्यांना ‘सेतोमोनो’ म्हणतात, सेतो गावावरून, आणि पश्चिमेकडचे ‘कारात्सुमोनो’, कारात्सु बंदरावरून. जिथून माल येई त्याचं नाव. ‘इमारी’ही तसंच. त्या नावाची भांडी घडत आरितामध्ये, पण जहाजात चढत इमारी बंदरात.

आरिताला मी एकदा मेच्या सुरुवातीच्या सुट्टीत गेले होते. तेव्हा तिथे मोठी भांडी-जत्रा असते, पण मला आठवतं ते तोझान देऊळ. देवळाच्या पायऱ्यांना छेदून रेल्वेचे रूळ जातात, आणि वर कमान उभी आहे ती पोर्सेलिनची, १८८८ सालची. मागच्या टेकडीवर कोरियन कुंभार यी साम-प्योंग यांचं स्मारक आहे. परंपरेनं १६१६ साली त्यांनी आरिताजवळ इझुमियामाला पोर्सेलिनचा दगड शोधला असं मानतात. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या सैन्यानं १५९२ ते १५९८ दरम्यान कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, आणि परतताना सरदारांनी तिथले कुंभार आपल्याबरोबर आणले. त्यातलेच हे एक. जपानच्या ज्या कलेचं जगभर कौतुक होतं, ती घरादारापासून तोडून आणलेल्या माणसांच्या हातांनी सुरू झाली. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. इझुमियामाचा डोंगर आता आतून पोखरून पोखरून नुसता खड्डा उरलाय.

पुढे १६४४ मध्ये मिंग राजवट पडली, चीनमधून येणारा माल आटला, आणि डच व्यापारी नागासाकीच्या देजिमा बेटावरून आरिताचा माल युरोपला नेऊ लागले. टाटांच्या काचेआडच्या वस्तूंसारखी दिखाऊ, भरजरी भांडी त्या व्यापारासाठी बनली. माझ्या वाट्या मात्र नदीवरच राहिल्या.

ओळखायच्या कशा, हे पुस्तकातून फार कळत नाही. हातात घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी एका दुकानातून मी रंगीत ‘को-इमारी’, म्हणजे जुनं इमारी, म्हणून एक ताट घेतलं, आमच्या महिन्याच्या किराण्याहून महाग. घरी आणून उन्हात धरलं तर वरचे ओरखडे सगळे एकाच दिशेनं, जणू कुणी घासून काढलेले. खरं वापरलेलं भांडं असं झिजत नाही. चॉपस्टिक्स कुठूनही टेकतात, ताटं एकमेकांवर सरकतात, ओरखडे सगळीकडे धावतात. ते ताट पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं होतं. फार वाईट वाटलं, पैशापेक्षाही फसवलं गेल्याचं. तेव्हापासून मी आधी भांडं उलटं करते. पायाच्या कडेला भट्टीतली वाळू चिकटलीय का, झिलईत लोखंडाचे काळे ठिपके आहेत का, निळा रंग राखेकडे झुकणारा आहे की अंगावर येणारा. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, बाहेरून स्वस्त कोबाल्ट आलं आणि निळा एकदम भडक झाला, तो डोळ्याला लगेच कळतो.

कोबो-सानमध्ये एक आजी बसतात, ऐंशीच्या पुढच्या. त्या मला ‘ओकुसान’ म्हणतात, आपल्या ‘वहिनी’सारखं. तडा गेलेल्या वाट्या त्या माझ्यासाठी बाजूला ठेवतात, कारण त्यांना ठाऊक आहे की मी घरात वापरायलाच घेते. केसाएवढ्या चिरेला ‘न्यू’ म्हणतात, काठाच्या टवक्याला ‘होत्सु’. दोन्ही असले की किंमत निम्म्यावर. गेल्या शरदात त्यांनी एक वाटी माझ्या हातात दिली आणि काही न बोलता ती उलटी केली. बुडाला, झिलई फोडून, खिळ्यानं ठोकून ठोकून एक खूण केलेली होती. दोन तिरक्या रेघा छपरासारख्या, खाली एक आडवी. ‘यामाइची,’ आजी म्हणाल्या. ‘यामा’ म्हणजे डोंगर आणि ‘इची’ म्हणजे एक, जो जपानीत नुसत्या आडव्या रेघेनं लिहितात. कुठल्यातरी घराची किंवा दुकानाची खूण. लग्नकार्यात, जत्रेत भांडी एकमेकांकडे जात, ती परत ओळखू यावीत म्हणून.

दीड हजार येन दिले आणि वाटी रुमालात गुंडाळली.

डिसेंबरात आई आली. पहिल्याच रात्री मी तिला त्या वाटीत आमटी वाढली. तिनं जेवण संपवलं, वाटी धुतली, आणि पुसताना सवयीनं उलटी केली. आमच्या घरी प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं आहे, आजोबांचं, आत्याचं, कुणाच्या मुंजीची तारीख. आई कुणाच्याही घरचं भांडं आधी उलटं करून बघते.

तिनं अंगठा त्या खुणेवरून फिरवला.

‘ठोकून घातलंय गं,’ ती म्हणाली. ‘कुणाकडची आहे ही?’