पाणी आलं, बुडबुडे थांबले

पहाटे तीनला पाणी आलं. सोलापूरकरांना यापुढे काही सांगायला नको. आईने हाक मारली, बाबांनी मोटर लावली आणि मी अर्धवट झोपेत हौदाचं झाकण सरकवून पाइप आत सोडला. गड्ड्याच्या जत्रेसाठी तीन आठवड्यांची रजा काढून आलोय. मी घरात असलो की पाणी भरायचं काम माझं, हा नियम मी दहावीत असल्यापासूनचा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ड्युसेलडॉर्फहून, जर्मनीतल्या माझ्या घरून. माणूस नव्हता, यंत्र होतं. रिअ‍ॅक्टरचा पीएच ६.६ वरून ७.१ वर गेला होता आणि चढतच होता.

माझ्याकडे चारशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे हे जुन्या वाचकांना माहीत आहे. त्यातली प्रवाळं दगडी जातीची. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ती आपला सांगाडा बांधतात, म्हणजे रोज पाण्यातला चुना खातात. तो रोज परत द्यावा लागतो, आणि तोही असा की पाण्याला पत्ता लागू नये. त्यासाठी कॅल्शियम रिअ‍ॅक्टर. नाव मोठं आहे, पण आमच्या बंबाचं उलटं चालणारं यंत्र आहे हे. बोअरच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. बंबात पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना बंबाच्या अंगाला चिकटतो. दिवाळीच्या आधी आई तो खरवडून काढायला लावायची, पांढरे पापुद्रे निघायचे. रिअ‍ॅक्टरमध्ये तो पापुद्रा परत पाण्यात घालायचा असतो. बंद नळकांड्यात प्रवाळाची खडी भरायची, त्यातून टँकचं पाणी फिरवायचं आणि बुडबुड्याबुडबुड्याने कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पाणी आंबट होतं, खडी विरघळते आणि ते चुनाळ पाणी थेंबाथेंबाने टँकमध्ये पडतं.

पीएच चढला म्हणजे पाण्याचा आंबटपणा कमी झाला, याचा अर्थ गॅस संपला.

दोष माझा होता. निघायच्या दिवशी मी सिलिंडरचा काटा बघितला होता, पंचावन्नच्या वर होता, म्हटलं पुरेल. पण कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये पातळ स्वरूपात असतो. आत थोडासा जरी पातळ शिल्लक असला तरी काटा तेवढाच दाब दाखवतो, आणि तो संपला की धाडकन खाली येतो. स्वयंपाकाच्या गॅससारखंच. दोन किलोचा सिलिंडर वजन करून बघायला हवा होता. एवढं शिकलेला मुलगा, आणि काटा बघून निघाला.

तिकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा. किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे. सत्तरीचे आहेत, त्यांचाही टँक आहे, माझ्यापेक्षा जुना. पण रात्री दहानंतर जर्मनीत कुणाची बेल वाजवत नाहीत, फोनही करत नाहीत. दहा ते सहा शांतता. ड्रिल मशीन नाही, वॉशिंग मशीनलाही लोक कचरतात. मी हौदाच्या कडेला फोन हातात धरून बसलो. इकडे आमच्या गल्लीत पहाटे तीनला सहा मोटरी चालू, बादल्या आपटतायत, समोरच्या काकू वरच्या मजल्यावर ओरडून विचारतायत, "प्रेशर आहे का?" मला क्षणभर आमच्या गल्लीचा अभिमान वाटला. इथे पहाटे तीनला दार ठोठावलं तर माणूस आधी दार उघडतो आणि मग विचारतो काय झालं. मग आठवलं, परवा दुपारी झोपलो होतो तेव्हा याच गल्लीत लाऊडस्पीकरवर टॉवेलचा सेल चालू होता, आणि मी उठून खिडकीतून काय बोललो ते. असो.

सकाळी आजोबांचा निरोप आला. सिलिंडर भरून आणायला गेले होते, दुकानदाराने नकार दिला. सिलिंडरच्या मानेवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, दर दहा वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते. माझी तारीख तीन महिन्यांपूर्वी संपली होती. तीन महिने! ओळखीचा दुकानदार, सहा वर्षं तिथेच भरतोय. "आजच्या दिवस भरून द्या, पुढच्या वेळी चाचणी करतो" हे वाक्य तिथे चालतच नाही. लहानपणी मी ज्या दुकानात गोळी सोडा प्यायचो तिथला सिलिंडर कुठल्या काळातला होता कुणास ठाऊक. रंग उडालेला, पोचा आलेला. आम्ही त्याला टेकून उभे राहायचो. काही झालं नाही. काही झालं नाही हे कारण नव्हे, हे मलाही कळतं. पण शनिवार होता, रविवारी सगळं बंद, आणि माझी प्रवाळं दिवसाला एक डिग्री केएच खातात. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप. मी दोन दिवस त्या दुकानदारावर चिडून होतो. चहाला बसलो की तोच विषय. शेवटी बाबा म्हणाले, "बरोबर केलं त्यानं." आणि पेपर उघडला.

आजोबांनी संध्याकाळी स्वतःचा जादा सिलिंडर वर आणून जोडला. मी मागितला नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, लिफ्ट नाही, तिसरा मजला.

इथून पुढचा आठवडा मी सोलापुरात असून नसल्यासारखा होतो. सिलिंडर बदलला, रेग्युलेटर काढून परत बसवला, म्हणजे गॅस कमीजास्त करायच्या सुईच्या व्हॉल्व्हची जुनी जागा गेली. सगळं नव्याने जुळवायचं. हिशेब सोपा आहे. टँकचा केएच ८, रिअ‍ॅक्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा २५. म्हणजे एक लिटर पडलं की सतराची भर. चारशे लिटरला रोज एक डिग्री द्यायची तर दिवसाला साडेतेवीस लिटर पडायला हवं, मिनिटाला साधारण सोळा मिलिलिटर. आजोबा मापाचं नळकांडं आणि घड्याळ घेऊन बसले, सोळा जुळवले आणि बुडबुडे मुद्दाम कमी ठेवून निघून गेले. रोज संध्याकाळी सातला टँकचा केएच मोजायचे. सातच का, तर दिवे लागल्या-विझल्याप्रमाणे पाणी दिवसभर बदलतं, आकडे जुळवायचे तर वेळ एक हवी. मग मला एका ओळीचा निरोप. शनिवार ७.२. रविवार ७.०. सोमवार ७.०. खाली लिहिलेलं, "हात खिशात."

मला राहवेना. आठवर होतं ते सातवर आलंय आणि हा माणूस बुडबुडे वाढवत नाही! रोज एकच गोष्ट बदलायची, बदलली की दोन दिवस थांबायचं, ही त्यांची रीत. आपल्याला थांबता येत नाही असं कुणी म्हणू नये. पाण्यासाठी थांबण्यात सोलापूरकरांचा हात कुणी धरणार नाही. पण आपलं थांबणं वेगळं आहे. नळाला पाणी नाही तोवर थांबायचं, आलं की धावायचं, मिळेल त्यात भरून घ्यायचं. पाणी समोर आहे आणि तरी हात लावायचा नाही, हे मला शिकवलंच नव्हतं कुणी.

मंगळवारी आकडा आला ७.३. मी गच्चीवर गेलो, फोनवर कंट्रोलर उघडला आणि रिअ‍ॅक्टरचा पीएच ६.६ चा ६.४ केला. जितकं आंबट तितकी खडी जास्त विरघळते. दोन बोटांचं काम. खाली येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

बुधवारी ७.८. एका दिवसात अर्धी डिग्री चढलं होतं, आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड टँकमध्ये उतरून तिथला सकाळचा पीएच खाली आला होता. अजून खाली ओढलं असतं तर खडीचा चिखल होऊन नळकांडं तुंबलं असतं. आजोबांनी ६.६ परत लावून टाकला आणि लिहिलं, "कुणीतरी हात लावला आहे. मी नाही. मांजरही नाही." सहा वर्षं झाली, अजून आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करतो. त्या अहो-जाहोत रागावलेलं जास्त लागतं.

हे बाबांना सांगावं लागलं, कारण माझं तोंड पडलेलं दिसत होतं. बाबांचा जन्म चादरीच्या कारखान्यात डाइंगला गेला. कॉस्टिक, हायड्रोस, पाण्याचा जडपणा, सगळं त्यांना हाताच्या वासावरून कळायचं. जड पाणी आलं की रंग डागाडागाने बसतो, म्हणून पाण्याचा जडपणा काढणारा मिठाचा प्लँट आधी बघायचा, मग रंग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी रोज एकाच वेळेला बघितलं?" हो म्हटलं. "मग तू कशाला नाक खुपसलंस?" नवीन पोरं शेड फिकी दिसली की घाईने रंग ओतायची आणि अख्खा लॉट वाया घालवायची, त्याचे दोन किस्से सांगितले. दोन्हीतलं नवीन पोर मीच आहे असं मला वाटत राहिलं.

भाचीने टँकचा व्हिडिओ बघून "मामा, एक इकडे आण की" म्हटलं. भारतात दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, तेव्हा ते राहू दे म्हणालो. आईचा प्रश्न अवघड होता. टँकला पाणी कुठलं? नळाचंच, आरओ करून. "मग वाया जाणारं?" आमच्या घरी आरओचं वाया जाणारं पाणी पिंपात धरतात, त्यावर फरशी होते, भांडी विसळतात. माझ्याकडे एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर बेसिनमध्ये जातं. तिकडे नदी भरून वाहते, पाणी चोवीस तास असतं, पाण्याचं बिल मी स्वतः भरतो, असं मी बरंच काही म्हणालो. आई ऐकत होती. मग म्हणाली, "बादली तर ठेवता येईल." मी शेंगाचटणीकडे वळलो.

शनिवारी निरोप आला, ८.०. खाली काहीच लिहिलेलं नाही.

आज बॅग भरतोय. आजोबांसाठी बाबांनी स्वतः निवडून चादर आणलीय, कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून बघितला, मगच पैसे दिले. आईची दोन किलो शेंगाचटणी. आणि कपड्यांच्या मध्ये बाबांनी सुताचे हँक, म्हणजे लड्या, तोलायचा जुना ताणकाटा घातलाय, हूक गंजलेला. "सिलिंडर याला अडकवायचा," म्हणाले. सामानाचं वजनही त्यालाच अडकवून केलं. सव्वा किलो जास्त भरलं. काटा काढू का विचारलं, तर म्हणाले, चटणी कमी कर.