उघडलेली व्हिस्की आणि सोलापूरचा मे महिना

बाटली फोडल्यावर व्हिस्की किती दिवस टिकते, असं विचारणाऱ्याला मी आधी दोन प्रश्न उलट विचारतो: बाटलीत आता किती माल उरलाय, आणि ती ठेवली कुठे आहे? तारखेला फार अर्थ नाही. पुण्यात किंवा महाबळेश्वरात पहिल्या प्रश्नावर भागतं. सोलापुरात दुसराच जास्त नडतो.

एक गोष्ट आधीच साफ करतो. व्हिस्की दुधासारखी नासत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, स्कॉचला किमान ४० टक्के लागतंच. एवढ्या अल्कोहोलमध्ये जंतू वाढत नाहीत आणि बुरशी धरत नाही. त्यामुळे वर्षभरापूर्वी फोडलेली बाटली पिऊन आजारी पडायची भीती नाही. जातो तो वास, आणि व्हिस्कीची चव म्हणजे निम्म्याहून जास्त वासच. क्रीम लिकर मात्र यात धरू नका. त्यात दुधाची साय असते, तिला मुदत असते आणि उन्हाळ्यात ती फ्रीजबाहेर ठेवायची नसते.

वास दोन वाटांनी जातो. पहिली वाट उडून जायची. फळांचा, फुलांचा, लिंबाच्या सालीचा वास देणारे पदार्थ हलके असतात. ते बाटलीतल्या रिकाम्या जागेत येऊन बसतात आणि झाकण काढलं की बाहेर पडतात. दुसरी वाट ऑक्सिजनची. ७५० मिलीच्या खंब्यात २५० मिली उरली तर वर ५०० मिली हवा, म्हणजे १०० मिलीहून थोडा जास्त ऑक्सिजन. शिवाय ६० मिलीचा पेग ओतला की तेवढीच ताजी हवा आत येते. म्हणून भरलेली बाटली वर्ष काढते आणि तळाशी आलेली दोन-तीन महिन्यांत उतरते, हे गूढ नाही.

माझा साधारण हिशेब असा. थंड, अंधारी जागा असेल तर निम्म्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर सहज चांगली राहते, पुष्कळदा दीड वर्षही. निम्म्याखाली आली की सहा महिने. चतुर्थांशाखाली, म्हणजे १८० मिलीच्या आत आली, की दोन-तीन महिन्यांत संपवावी. हीच बाटली मार्च ते जून वरच्या मजल्यावर स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या खोलीत राहिली, तर यातली प्रत्येक मुदत निम्मी धरा.

निम्मी का, तर इथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. शुद्ध अल्कोहोलचा बाष्पदाब २० अंशांच्या मानाने ४० अंशांना तिप्पट होतो. व्हिस्कीत पाणी असलं तरी कल तोच. वासाचे पदार्थही त्याच चालीने वर येतात. त्यात व्हिस्की फुगते: २० अंशांवरून ४० वर गेली की ७५० मिलीमागे दहा-अकरा मिली. नव्या, गळ्यापर्यंत भरलेल्या कॉर्कच्या बाटलीत एवढी जागाच नसते, मग कॉर्क वर सरकतो किंवा बाजूने पाझरतो. अर्धी बाटली दुसऱ्या तऱ्हेने त्रास देते. दिवसा आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री थंड झाली की बाहेरची आत येते. झाकण सैल असेल तर दहा अंशांच्या फरकाने ५०० मिली हवेतली पंधरा-सतरा मिली रोज ये-जा करते. बाटली कोणी उघडली नाही तरी ती रोज थोडी उघडतेच.

म्हणून पहिलं काम जागा ठरवणं. माळा बाद, कारण घरातली सगळ्यात तापलेली जागा तीच. गॅसच्या वरचं कपाट बाद, फ्रीजच्या डोक्यावरची जागाही बाद, तिथे मागच्या जाळीची गरमी येते. खिडकीतलं काचेचं शोकेस दिसायला छान, पण उन्हाने रंग आणि वास दोन्ही फिके पडतात. जुन्या पेठेतल्या दगडी, जाड भिंतींच्या घरात आतल्या खोलीतलं लाकडी कपाट उत्तम. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या नव्या इमारतीत पश्चिमेची भिंत टाळा, तळमजल्याला लागून किंवा मधल्या खोलीत सगळ्यात खालचा कप्पा घ्या. बाटली तिच्या खोक्यात किंवा गोल डब्यात ठेवा. खोकं गेलं असेल तर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा गुंडाळा. त्याने गारवा येत नाही, एवढं लक्षात ठेवा. अंधार होतो आणि दिवस-रात्रीचा चढउतार मंदावतो. ओल्या गोणपाटाची युक्ती इथल्या कोरड्या उन्हाळ्यात माठाला लागू पडते, बाटलीला नाही. लेबल कुजतं आणि कॉर्कला वरून बुरशी लागते.

घरात अशी जागाच नसेल तर एप्रिल-मेपुरता फ्रीज चालतो. तीन अटी. झाकण फिरकीचं हवं, कॉर्कचं नको, कारण शेंगाचटणी आणि लसूण कॉर्कमधून वास सोडतात. दारात नको, मागच्या कप्प्यात ठेवावी. आणि प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी, गार व्हिस्कीचा वास मिटलेला असतो. ४६ टक्के किंवा जास्त अल्कोहोलची, थंड करून न गाळलेली व्हिस्की फ्रीजमध्ये गढूळ दिसू शकते. ती बिघडलेली नसते, तापमान चढलं की निवळते. पाणी घातल्यावर येणारा ढगाळपणाही त्याच जातीचा.

बाटली उभीच ठेवायची. वाइन आडवी ठेवतात ते पाहून व्हिस्कीही आडवी ठेवणारे पुष्कळ आहेत. वाइनमध्ये अल्कोहोल १२-१४ टक्के. व्हिस्कीतलं जास्तीचं अल्कोहोल कॉर्कला पोखरतं, मग कॉर्कचा चुरा आणि चव दोन्ही आत उतरतात. मात्र इथली हवा कोरडी, कॉर्क वाळून आकसतो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा झाकण दाबून धरून बाटली दोन-चार सेकंद उलटी करायची, कॉर्क ओला झाला की परत उभी. उघडताना कॉर्क सरळ ओढायचा नाही, फिरवत काढायचा. तुटलाच तर व्हिस्की कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून घ्यावी आणि दुसऱ्या संपलेल्या बाटलीचा कॉर्क लावावा. मी संपलेल्या प्रत्येक बाटलीचा बरा कॉर्क याचसाठी धुऊन ठेवतो.

आता मुख्य उपाय, लहान बाटल्यांत भरणं. हवा कमी करायचा याहून स्वस्त मार्ग नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात तपकिरी काचेच्या बाटल्या मिळतात, ३०, ६०, १२५ आणि २५० मिलीच्या. नव्याच घ्या. खोकल्याच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी वास सोडत नाही, आणि आता ती बहुधा प्लास्टिकचीच असते. ड्रॉपरची बाटली नको, रबराचा वास आठवड्याभरात उतरतो. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची चकती असेल तर तीही नको; प्लास्टिकची शंकूसारखी किंवा फोमची असावी.

बाटली गरम पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाच्या एका थेंबाने धुवायची, मग चार-पाच वेळा विसळायची. शेवटचं पाणी आरओचं, कारण बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर काचेला धरतो. उलटी ठेवून पूर्ण सुकू द्यायची. भरण्याआधी त्याच व्हिस्कीचे पाच मिली आत फिरवून काढायचे. ते पिऊन टाकले तरी चालतात.

भरताना गळ्यापर्यंत भरा, पण काठोकाठ नको. १२५ च्या बाटलीत दोन-तीन मिली, २५० च्या बाटलीत पाच मिली जागा सोडा, नाहीतर मे महिन्यात फुगलेली व्हिस्की झाकणातून वाट काढते. झाकण लावण्याआधी आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळायची. वेढा वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्यायचा, म्हणजे झाकण आवळताना टेप सुटत नाही, घट्ट होते. बाहेरून नाव आणि तारीख लिहायची. नाव न लिहिलेली तपकिरी बाटली घरात ठेवणं धोक्याचं, विशेषतः मुलं असतील तर.

कधी भरायची हे पिणाऱ्यावर आहे. दर शनिवारी दोन पेग घेणाऱ्याचा खंबा दोन महिन्यांच्या आतच संपतो, त्याने या भानगडीत पडू नये. सणावारी, पाहुणे आल्यावरच काढणाऱ्याने फोडल्या दिवशीच एक २५० ची आणि एक १२५ ची भरून बाजूला ठेवावी, उरलेली मूळ बाटलीतून प्यावी.

त्याच दिवशी आणखी ३० मिलीची एक कुपी भरून मी अंधारात ठेवतो. ही साक्षीदार. पुढे चव उतरली की नाही, याचा निवाडा आठवणीवर सोडायचा नाही, कारण जीभ रोज वेगळी असते. कधी जेवणात ठेचा झालेला असतो, कधी सर्दी असते. जेवणाआधी तीन सारखे ग्लास घ्यावेत. घरातल्या कोणीतरी, आपण पाहत नसताना, एकात कुपीतली १५ मिली आणि दोनांत बाटलीतली १५-१५ मिली ओतावी. प्रत्येकात तेवढंच आरओचं पाणी. अल्कोहोल २०-२१ टक्क्यांवर आलं की नाकाला झोंबत नाही आणि वास मोकळा होतो. वर बशी झाकून दोन मिनिटं थांबावं, मग फक्त वास घेऊन वेगळा ग्लास ओळखावा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून कुपीतल्या उरलेल्या १५ मिलीवर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्हीदा ओळखता आला नाही तर बाटली ठीक आहे, काळजी सोडा.

उतरलेली व्हिस्की ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. वरचा फळांचा, फुलांचा वास आधी जातो. धुराच्या वासाची व्हिस्की असेल तर धूर बोथट होतो, आणि स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या मॉल्टमध्ये (मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीत) ते लगेच कळतं कारण त्यात धूरच मुख्य. मागे राहतं लाकूड, थोडा कडवटपणा आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा सपाट वास. शेरीच्या (एक स्पॅनिश वाइन) पिंपातली व्हिस्की मला तुलनेने जास्त तग धरताना दिसते. ५५-६० टक्क्यांची कास्क स्ट्रेंथही, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली. मळीच्या स्पिरिटमध्ये थोडा मॉल्ट मिसळलेल्या आपल्या स्वस्त ब्लेंडमध्ये जाण्यासारखा वासच थोडा, म्हणून ती फारशी बदललेली वाटत नाही. तिच्यासाठी कुपी-टेपचा खटाटोप करू नये. उलट काही मॉल्ट फोडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुधारतात, सुरुवातीचा झोंबरा वास निघून जातो. पहिल्या पेगवरून बाटलीला नावं ठेवू नयेत.

बाजारातले बाकीचे उपाय थोडक्यात. वाइनचा हवा काढणारा पंप नको, तो हवेबरोबर वासही ओढून घेतो. काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणता येते, पण आपल्या बहुतेक बाटल्यांच्या तोंडाला भेसळ रोखायला झडप असते, गोटी आत जात नाही. आर्गॉन वायूचा फवारा चालतो, तो बाटलीतल्या हवेची जागा घेतो. वेल्डिंगच्या सिलिंडरचा मात्र वापरू नका, तो खाण्यापिण्यासाठी भरलेला नसतो. नक्षीच्या जुन्या क्रिस्टल डिकँटरमध्ये, म्हणजे दारू ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, शिसं असतं, ते व्हिस्कीत उतरतं, शिवाय त्याचं बूच हवाबंद नसतं. पाहुण्यांसमोर मांडायला तासाभरासाठी ठीक, उरलेली त्याच रात्री परत बाटलीत.

महाराष्ट्रात पंचविशीच्या आत कडक दारू घेता येत नाही आणि घरी ठेवायलाही परवाना लागतो. बाटल्यांचा साठा करणाऱ्याने तो काढून ठेवावा.

उतरलेली व्हिस्की ओतून देऊ नका. लांब ग्लासात बर्फ, ६० मिली व्हिस्की, १५० मिली गार सोडा आणि लिंबाच्या सालीची चकती पिळून टाकली की गेलेला वरचा वास सालीने भरून निघतो. बाटली रिकामी झाल्यावर लेबल ओलं करून खरवडून काढा, झाकण वेगळं फेका आणि मगच ती भंगारवाल्याला द्या. लेबलासकटची रिकामी बाटली भेसळवाल्यांना हवीच असते.